ओहोटीच्या खळग्यांत फोटो काढायला पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा कोणता घ्यावा?

कातळावरची

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेपासून चालत वीस मिनिटांवर समुद्र आहे. वाळू थोडी, कातळच जास्त. पाणी मागे हटलं की कातळातल्या खळग्यांत जे पाणी अडकून राहतं, त्यात इतकं काही असतं की तासभर एकाच खळग्याशी बसावं. समुद्रफुलं, बार्नाकल (कातळाला चिकटलेले कवचाचे जीव), शंखात राहणारे खेकडे, बोटाच्या पेरापेक्षा लहान मासे. गेली चार वर्षं मी आठवी-नववीच्या मुलांना तिथे नेते आहे. आमच्याकडे भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, पाणी पुरेसं मागे जातच नाही, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस धरायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा आजोबांचा हिशोब मी मुलांना शिकवला आहे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला नाहीतर संध्याकाळी त्याच सुमारास. पुढे रोज पाऊण तास उशिरा.

आता अडचण. आत्तापर्यंत सगळे फोटो फोनवर काढत होते. फोनच्या खोक्यावर आयपी ६८, म्हणजे पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा, लिहिलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. गेल्या डिसेंबरात गुडघाभर पाण्याच्या खळग्यात तो हातातून सुटला. दहा सेकंदांत बाहेर काढला, ओढणीने पुसला, संध्याकाळपर्यंत चाललाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या आणि दुपारी बंद पडला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी उघडून आतलं लाल झालेलं स्टिकर दाखवलं आणि पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाले. फोनचं दुःख आहेच, पण त्यातले दोन वर्षांचे फोटो गेले ते जास्त लागलं. एकाच खळग्याचे दर महिन्याला काढलेले फोटो होते, मुलांनी वहीत तारखा लिहिल्या होत्या. वही राहिली, फोटो गेले.

त्याआधी प्लास्टिकचं पारदर्शक पाऊच वापरून पाहिलं होतं. आत वाफ धरते, ओल्या बोटांनी टच लागत नाही, आणि पाण्याखाली तर स्क्रीन आपली आपणच वेड्यासारखी चालते.

म्हणून आता फक्त या कामासाठी वेगळा कॅमेरा घ्यायचा ठरवलं आहे. बजेट पन्नास हजार. त्यातले वीस गावातल्या एका मंडळाने शाळेला दिले आहेत, म्हणजे पैसा लोकांचा आहे आणि चूक परवडणार नाही. मला नखाएवढ्या प्राण्याचा नीट फोटो हवा. कॅमेरा मुलांच्याही हातात जाणार. पावसाळ्यात सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारावरच्या, डबक्यांतल्या बेडकांसाठी आणि पाणवनस्पतींसाठीही तोच वापरेन.

आत्तापर्यंत शोधलं त्यात ऑलिंपस टीजी-६, त्याचा नवा भाऊ ओएम सिस्टिम टीजी-७, रिको डब्ल्यूजी-८० आणि जुन्या बाजारात निकॉन डब्ल्यू३०० अशी नावं आली. माझा भाऊ म्हणतो अॅक्शन कॅमेरा घे. पाण्यात टीजी १५ मीटर खोल चालतो, रिको १४ मीटर, निकॉन ३० मीटर. जास्त मीटरचा तो जास्त पक्का, असंच समजायचं ना? तसं असेल तर निकॉन शोधते. जाणकारांनी सांगावं.

---

सातारचा_भटक्या

ताई, अॅक्शन कॅमेरा घेऊ नका, एवढंच सांगायला लिहितोय. माझ्याकडे आहे. सायकलवर, धबधब्याखाली, नदीत पोहताना उत्तम चालतो. पण त्याचं भिंग एका जागी पक्कं बसवलेलं असतं, फोकस हलत नाही. वीतभर अंतराच्या आत काही आणलं की धूसर. मी कासला पावसात सीतेची आसवं टिपायला गेलो होतो. वाकून, गुडघे चिखलात घालून पन्नासेक फोटो काढले. घरी येऊन बघतो तर मागचं पठार स्वच्छ आणि फूल म्हणजे निळा डाग. तुमचे प्राणी त्याहून लहान.

---

पाणबुड्या_मालवण

ताई, तुमचा खळगा मला डोळ्यांसमोर दिसतोय. मी अकरा वर्षं मालवणात पर्यटकांना पाण्याखाली न्यायचं काम केलं. टीजी-४ वापरला, आता टीजी-६ वापरतो. निकॉनचा डब्ल्यू३००ही एक हंगाम हाताळला आहे. सविस्तर लिहितो, कारण मीटरच्या आकड्यावर जाऊन लोक चुकीचा कॅमेरा घेतात हे मी फार वेळा पाहिलं आहे.

आधी तो आकडा म्हणजे काय ते. दर १० मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. ३० मीटर म्हणजे हवेचा धरून चार वातावरणं. तेवढ्या दाबाखाली कॅमेऱ्याचं दार आणि त्याचं रबर टिकतं, एवढंच त्या आकड्यात आहे. तुमचं पाणी गुडघाभर. तुमच्यासाठी १४, १५ आणि ३० यात काडीचा फरक नाही. फोनच्या आयपी ६८ मधला ८ म्हणजे तर एक मीटरपेक्षा जास्त पाण्यात बुडवून ठेवता येतं, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीनेच ठरवायचं. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते, नव्या कोऱ्या फोनवर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. ते चार्जिंगच्या खाचेत सुकलं की तिथे विजेची वाट तयार होते आणि धातू खायला लागतं. तुम्ही ओढणीने पुसलात त्याऐवजी लगेच गोड्या पाण्याने धुतला असता तर कदाचित वाचला असता. दुखावण्यासाठी लिहीत नाही, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून.

आता तुमच्या कामाचं. तुम्हीच लिहिलंत की मोठी ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी. म्हणजे तुम्ही नेहमी कमी उजेडात फोटो काढणार. शिवाय खळगा खोल असला की त्यात तुमचीच सावली. म्हणून पहिली गोष्ट बघायची ती भिंग किती उजेड आत घेतं. टीजी-६ आणि टीजी-७ दोन्हींचं भिंग झूम न करता एफ २.०, रिको डब्ल्यूजी-८० चं एफ ३.५, निकॉनचं एफ २.८. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. एफ २.० मधून रिकोच्या तिप्पट उजेड येतो. त्या तिप्पट उजेडावर तुमचा हात हलला तरी फोटो वाचतो. बरं, टीजी-४ चा सेन्सर (आतली उजेड टिपणारी चिप) १६ मेगापिक्सेलचा होता आणि २०१७ मध्ये टीजी-५ काढताना त्यांनी तो १२ वर आणला. दुकानात लोक १२ बघून नाक मुरडतात. मी दोन्ही वापरलेत, संध्याकाळच्या फोटोत १२ वाल्यात दाणे कमी येतात.

दुसरी गोष्ट जवळचा फोकस. टीजीत मायक्रोस्कोप मोड आहे, त्यात भिंगापासून एक सेंटिमीटरवरचीही वस्तू टिपता येते, आणि तेही पूर्ण झूम करून. तांदळाचा एक दाणा जवळजवळ पडदाभर दिसतो. बार्नाकल उघडून पिसासारखे पाय बाहेर काढतं ना, ते एकेक पाय मोजता येतात. एकाच वस्तूचे पुढे-मागे फोकस करून बरेच फोटो घ्यायचे आणि कॅमेऱ्यानेच ते जोडून एक करायचा अशी सोयही आहे. स्थिर गोष्टीला ती अप्रतिम आहे, पाणी हलत असेल तर विसरा. रिकोतही एक सेंटिमीटरचा मोड आहे आणि भिंगाभोवती सहा छोटे एलईडी आहेत, ती सोय मला खरंच आवडते. टीजीला त्यासाठी एक प्लास्टिकची कडी वेगळी मिळते. कॅमेऱ्याच्याच दिव्याचा उजेड ती भिंगाभोवती गोल पसरवते, तिला वेगळी बॅटरी लागत नाही. पण रिकोत रॉ फाइल (कॅमेऱ्याने स्वतः रंग न बदललेली मूळ फाइल) नाही, निकॉनमध्येही नाही. तुम्ही महिन्यामागून महिने एकाच जागेची नोंद ठेवता, तेव्हा रंग नंतर सारखे करून घ्यायला रॉ फाइल हवीच.

टीजीतल्या उणिवा सांगितल्या नाहीत तर हे एकतर्फी होईल. सेन्सर शेवटी १/२.३३ इंची, बऱ्याच फोनपेक्षा लहान. पाण्याबाहेर, भर उजेडात मुलांचा ग्रुप फोटो काढाल तर तुमचा जुना फोनच सरस वाटेल. पूर्ण मॅन्युअल मोड नाही. झूम चौपटच. आणि ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ८०० च्या पुढे नेलात की फोटो चिखल होतो.

टीजी-६ २०१९ चा, टीजी-७ २०२३ चा. मधल्या काळात ऑलिंपसने कॅमेऱ्याचा धंदा वेगळा काढून दिला, २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स तो चालवते, म्हणून नाव बदललं. भिंग तेच, सेन्सर १२ मेगापिक्सेलचाच, १५ मीटर तेच, २.१ मीटरवरून पडला तरी चालतो तेही तेच. नव्यात चार्जिंगला यूएसबी-सी आलं, जुन्यात मायक्रो यूएसबी. मला तेवढ्यासाठी जास्त पैसे घालावेसे वाटले नाहीत.

वापरताना दोन गोष्टी. कॅमेरा वरून पाण्याकडे रोखू नका, आभाळ चमकतं. भिंग पाण्यात दोन बोटं बुडवा, चमक नाहीशी होते. पण बुडवल्याबरोबर भिंगापुढच्या खोलगट कडीत हवेचे बुडबुडे अडकतात, ते प्रत्येक वेळी बोटाने पुसायचे. हे न केल्यामुळे माझा अख्खा एक दिवस वाया गेला आहे, सगळ्या फोटोंत मधोमध धुरकट गोल. आणि कॅमेरा उन्हात कातळावर ठेवून एकदम थंड पाण्यात घालू नका. आतल्या दमट हवेचं पाणी काचेला आतून धरतं आणि ते तासभर जात नाही. कार्ड-बॅटरी घरीच, पंख्याखाली, कोरड्या हातांनी घालून दार लावायचं. किनाऱ्यावर दार उघडायचंच नाही.

मुलांसाठी एक नारिंगी तरंगता पट्टा घ्या, मनगटात घालायचा. टीजी-६ बॅटरीसकट २५३ ग्रॅम आहे, सुटला तर सरळ तळाला जातो.

---

कातळावरची

पाणबुड्या दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. गोड्या पाण्याने धुवायचं मला खरंच सुचलं नाही. हंडा तिथेच होता, मुलांना प्यायला नेलेला.

उजेडाचा मुद्दा वाचून मी जुन्या वह्या काढल्या. पहाटेच्या फेरीच्या पानांवर मुलांनी तीन ठिकाणी "फोटो हलला" असं लिहिलं आहे. मी ते हाताला दोष देऊन सोडून दिलं होतं.

आता टीजी पक्का. नवा टीजी-७ माझ्या बजेटबाहेर जातोय, कार्ड, जास्तीची बॅटरी, ती दिव्याची कडी हे सगळं धरलं तर. वापरलेला टीजी-६ कोल्हापूरला एकजण विकतोय, अठ्ठावीस हजार सांगतो, दोन वर्षं वापरलेला. वापरलेला पाण्यातला कॅमेरा घ्यावा का? भीती वाटते. कसा तपासायचा?

---

घड्याळजी_पुणे

ताई, माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, कॅमेरेही बघतो. पाण्यात चालणारी घड्याळं आणि हे कॅमेरे यांचं मर्म एकच, रबराची बारीक कडी. तिला आम्ही गास्केट म्हणतो. बाकी सगळं ठणठणीत असलं आणि ती कडी कडक झाली, चिरली किंवा तिच्यावर एक केस आडवा पडला की आत पाणी. वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण तपासून.

टीजी-६ ला दोन दारं आहेत. एक खाली, बॅटरी आणि कार्डाचं. दुसरं बाजूला, चार्जिंगच्या वायरचं. दोन्ही उघडून भिंगाने गास्केट बघा. काळं, मऊ, चकचकीत हवं. नखाने हलकं दाबलं तर दबून परत वर यायला हवं. पांढरट झालं असेल, कोपऱ्यात चपटं बसलं असेल तर जुनं झालं. मग दाराच्या आतली कड जिथे गास्केटवर टेकते ती जागा बघा, तिथे ओरखडा नको. गास्केट बदलता येतं, ती कड बदलता येत नाही. बॅटरीच्या खणात खाली पितळी पट्ट्या असतात. त्यांच्यावर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर कॅमेऱ्याने पाणी प्यायलेलं आहे, विकणारा काहीही सांगो, परत फिरा.

आता पाण्याची परीक्षा. बॅटरी आणि कार्ड काढून घ्या. टिशू पेपरची बोटभर पट्टी घ्या, तिच्यावर शाईच्या पेनाने, बॉलपेनने नव्हे, चार-पाच ठिपके द्या. पाण्यात विरघळणारी निळी शाई. ठिपके वाळू द्या. पट्टी बॅटरीच्या खणात ठेवा, तशीच एक छोटी घडी बाजूच्या खणात मावली तर तिथेही. दारं लावा. खालच्या दाराला दोन कुलपं आहेत, दोन्ही लागली ना बघा, आत लाल दिसता कामा नये. बादलीत गोडं पाणी घेऊन कॅमेरा तासभर बुडवून ठेवा. मधून मधून बटणं दाबा, कारण बटणांखालूनही पाणी जातं. सुरुवातीला बुडबुडे बारीक माळेसारखे सतत एकाच जागेहून निघाले तर गळती तिथेच. तासाने काढा, वरून नीट पुसा, दार खाली करून उघडा, आणि ठिपके बघा. एक थेंब जरी गेला असेल तरी ठिपका पसरून फिकट निळं कडं झालेलं दिसतं. बॅटरी आत नसल्याने कॅमेऱ्याला धोका कमी. विकणारा प्रामाणिक असेल तर समोर करू देईल. करू देत नसेल तर घेऊ नका.

परीक्षेत पास झाला तरी गास्केट बदलून घ्याच. कंपनीचं म्हणणं दरवर्षी बदलावं असं आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत ते मला जास्त वाटत नाही. आणि घरातलं खोबरेल, व्हॅसलिन त्या रबराला लावू नका. लोक प्रेमाने लावतात, रबर फुगून बसतं.

अजून एक. बाहेर चार्ज करणारा वेगळा चार्जर आणि दोन बॅटऱ्या घ्या. वायर लावून कॅमेऱ्यातच चार्ज कराल तर बाजूचं दार रोज उघडेल. वेगळा चार्जर असला की ते दार वर्षभर बंद राहतं. जे दार उघडत नाही ते गळत नाही.

किनाऱ्यावरून आल्यावर वाहत्या नळाखाली धरू नका. पातेल्यात गोडं पाणी घेऊन अर्धा तास भिजत घाला, बटणं दाबत राहा, म्हणजे सांध्यातलं मीठ विरघळतं. मग सावलीत वाळवा. हे झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

---

देवगडकर_काका

गो बाय, कॅमेरो घे, पण तीस पोरांनी एका कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून काय बघायचं? माझं ऐक.

वीस लिटरची प्लास्टिकची बादली घे. तळ गोल कापून काढ, कडेला बोटभर पट्टी ठेव. त्या पट्टीवर आतून पारदर्शक अॅक्रिलिकचा चार-पाच मिलिमीटरचा गोल तुकडा बसव. माशांच्या काचेच्या टाक्या चिकटवायला जो सिलिकॉन मिळतो तो लाव, आतून आणि बाहेरून. चोवीस तास हात लावू नको. दुसऱ्या दिवशी बादली पाण्यात चार बोटं दाब आणि वरून आत बघ. तळ असा दिसतो जसा ताटात वाढलेला. आमचे वडील बोटीतून खडपाचा अंदाज घ्यायला असाच काच लावलेला डबा वापरायचे, मला तेव्हा त्यातून बघायला मिळालं की दिवस सार्थकी लागायचा.

तीनशे-चारशे रुपयांत होईल. तीन बादल्या कर, पोरं गटागटाने बघतील. आणि कुणाचा साधा फोन असला तर बादलीत कोरडाच धरून फोटोही निघतो. मोठ्या खळग्याचा पूर्ण फोटो बादलीतून, बारीक जीव तुझ्या कॅमेऱ्यातून.

दगड उलटून बघितला तर परत तसाच ठेवायला पोरांना सांग. ते तू सांगतच असशील.

---

सातारचा_भटक्या

काका, ही बादली मी कासच्या तळ्यावर नेणार! घड्याळजींचा शाईचा ठिपकाही लिहून ठेवला.

---

कातळावरची

मंडळी, दीड महिन्याने परत येतेय. सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

कोल्हापूरला जाऊन टीजी-६ पाहिला. विकणारे एक निवृत्त गृहस्थ, त्यांनी स्वतःच बादली भरून दिली आणि शाईचं पेनही त्यांच्याच टेबलावरचं. तासभर त्यांच्या अंगणात बसलो. बॅटरीच्या खणातली पट्टी कोरडी निघाली, ठिपके जसेच्या तसे. बाजूच्या दारातल्या घडीवर मात्र एका ठिपक्याला फिकट कडं आलं होतं. माझ्या काळजात धस्स झालं. त्यांनी भिंग आणलं, मी दाराचं गास्केट पाहिलं, तर कोपऱ्यात एक पांढरा केस. मांजराचा. काढला, मऊ कापडाने पुसलं, दुसरी पट्टी घालून पुन्हा तास. या वेळी कोरडी. घड्याळजी, तुमचा केस मी प्रत्यक्ष पाहिला. तरीही घरी आल्यावर दोन्ही गास्केट बदलून घेतली, तेव्हाच कॅमेरा पाण्यात नेला. ते सव्वीस हजारांवर आले, वेगळा चार्जर त्यातच दिला. दुसरी बॅटरी आणि दिव्याची कडी मागवली. उरलेल्या पैशांत दोन हार्ड डिस्क घेतल्या. फोटो आता तीन ठिकाणी असतात, एक डिस्क शाळेच्या कपाटात.

काका, बादल्या दोन झाल्या. तिसरीला मुलांनी तळ वाकडा कापला, तिच्यात आता कुंड्यांची माती आहे. पण दोन बादल्यांवर तीस मुलं एक तास शांत बसली. आमच्या मुख्याध्यापिका बाई स्वतः वाकून बघत होत्या.

आणि कॅमेरा. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला, सकाळी पावणेसातला, सूर्य अजून डोंगराआड होता. कातळावर एक बिनशंखाची गोगलगाय असते, पेरोनिया. राखाडी, चामड्यासारखी, पाठीवर फोड आल्यासारखे उंचवटे. पाणी ओसरलं की खळग्यातून बाहेर येऊन ओल्या कातळावर शेवाळ खात फिरते. ती दिसते म्हणजे दगडाचाच कपचा. मुलं चार वर्षं तिच्यावरून चालत आली आहेत, आणि मीही कधी तिचा धड फोटो काढला नव्हता, फोनला ती कातळापासून वेगळीच करता येत नव्हती.

मायक्रोस्कोप मोड लावला, कडी चढवली, भिंग तिच्यापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. कोपरं कातळाला टेकवून श्वास धरला. पहिले सहा फोटो हलले. सातव्यात उंचवट्यांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके दिसले, एकेका टोकावर दोन, कुठे तीन. मला पुस्तकातून माहीत होतं की हिला पाठीवर डोळे असतात, पण माहीत असणं वेगळं. पडद्यावर झूम करून मुलांना दाखवलं. एका मुलीने कॅमेरा हातात घेतला, ठिपके मोजायला लागली, आणि मग कॅमेऱ्याची सावली पाठीवर पडल्याबरोबर ती गोगलगाय आक्रसली. मुलीने हात मागे घेतला, थांबली, पुन्हा हळूच सावली पाडली. पुन्हा आक्रसली. तिने हे पाच वेळा केलं आणि वहीत पाचही वेळा लिहिलं. नवव्या फोटोपासून पुढचे सगळे तिनेच काढले आहेत.

परत आल्यावर पातेल्यात अर्धा तास भिजवला. बटणं दाबायची पाळी मुलांत वाटून दिली आहे. पाणबुड्या दादा, बुडबुडे पुसायचं चार वेळा विसरले, त्या चारही फोटोंत मधोमध धुरकट गोल आहे.

आता एक प्रश्न उरला. ढगाळ सकाळी आयएसओ ८०० वर ठेवूनही शटर मंदच राहतं आणि खळग्यातले मासे हलतात. दिवा लावला तर ते पळतात. अशा वेळी तुम्ही काय करता? येत्या अमावास्येनंतर पुन्हा जायचं आहे, त्याआधी सांगितलंत तर करून बघेन.